काक्षीचे तेवीस आकडे

पहूर गावाबाहेर कापसातून सरकी काढायचं एक जिनिंग आहे. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत येते आणि गेटवर बसलेला एक उंच, किडकिडीत म्हातारा पावत्या बघून एकेक गाडी आत सोडतो. त्यांचं नाव बन्सीलाल. आमच्या घराला लागून त्यांचं घर, म्हणून मी त्यांना लहानपणापासून नाना म्हणते. मी धुळ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. महिन्या-दोन महिन्यांनी घरी येते तेव्हा माझी एसटी त्या गेटसमोरून जाते, आणि गेट जवळ आलं की पाच वर्षं मी खिडकीतून दुसऱ्या बाजूचं केळीचं रान बघत आले. पोरांना मात्र वर्गात सांगते, डोळे उघडे ठेवा.

नाना मुळात गेटवरचे नव्हेत. त्याच जिनिंगवर ते सव्वीस वर्षं ग्रेडर होते. गाडी आली की ग्रेडर कापसात हात घालतो, मूठभर कापूस उपसतो, बोटांनी धागा ओढून पाहतो आणि सांगतो, हा माल कितव्या प्रतीचा. त्यावर भाव ठरतो. शेतकरी त्या क्षणी नानांच्या तोंडाकडेच बघत राहायचा. पण नानांनी सांगितलेल्या प्रतीवर कुणी वाद घातल्याचं मी ऐकलं नाही. धुळे तालुक्यातला वना नावाचा एक शेतकरी तर वाटेतली चार जिनिंगं सोडून पिकअप इथे आणायचा. बहीण पहूरला दिली आहे हे निमित्त. खरं कारण नानांचा हात.

त्यांचे नियम होते. गाडी कुणाची ते आधी विचारायचं नाही. काल याच माणसाला काय प्रत दिली ते आठवायचं नाही. नमुन्याच्या पेटीतला एक चांगला आणि एक त्याहून हलका असे दोन कापूस शेजारी ठेवायचे आणि समोरचा माल त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते बघायचं. आणि पहिल्या नजरेत जे ठरलं ते ठरलं. "कापसाकडं लई येळ पाह्यलं का तो पांढराच दिसाले लागते," असं ते म्हणायचे.

बी.एस्सी.ला असताना, २००८ साली, मी एका आकाशनिरीक्षणाच्या शिबिराला गेले आणि नवा मुसलमान सात वेळा बांग देतो तशी गल्लीभर ताऱ्यांवर बोलत सुटले. गल्लीने ऐकून सोडून दिलं. नानांनी ऐकून प्रश्न विचारला. मी त्यांना सांगत होते की काही तारे म्हातारे होतात, फुगतात, तांबडे पडतात, आणि मग त्यांचा उजेड कमी-जास्त होत राहतो. तिमिंगल तारकासमूहातला मीरा नावाचा तारा तर काही महिने साध्या डोळ्यांना दिसतो आणि मग दिसेनासा होतो. मृग नक्षत्रातला तांबडा काक्षी इतका टोकाचा नाही, पण तोही एकसारखा राहत नाही. जगभरातले हौशी लोक हा उजेड नुसत्या डोळ्यांनी मोजतात आणि एका संस्थेकडे आकडे पाठवतात.

"नुसत्या डोयानं? ते कसं?" नानांनी विचारलं.

मी म्हटलं, शेजारचे दोन न बदलणारे तारे घ्यायचे. एक त्याच्याहून उजळ, एक त्याच्याहून मंद. आपला तारा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते बघायचं.

नाना हसले. "हे तं आमचंच काम झालं."

त्या दिवसापासून अकरा वर्षं नाना गच्चीवर जात राहिले. थंडी लागली की पहाटे पाचला, जिनिंगला जायच्या आधी. पुढे पौष-माघात संध्याकाळी जेवणाआधी. बॅटरीला पतंगाचा लाल कागद रबराने बांधलेला, म्हणजे वही दिसते आणि डोळे दिपत नाहीत. लांबोडक्या वहीत पाच रकाने: तारीख, वेळ, तारा, आकडा, शेरा. आकडा जितका मोठा तितका तारा मंद, असा या शास्त्राचा उलटा कारभार. नमुन्याला धरलेले न बदलणारे तारे दोन: प्रश्वा शून्य पूर्णांक चार, रोहिणी शून्य पूर्णांक नऊ, आणि काक्षी बहुतेक वेळा त्यांच्या मध्ये, शून्य पूर्णांक पाचच्या आसपास; बोलताना नुसतं पाच. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहायचं नसतं, तो उगाच उजळ भासतो, हे मला शिबिरात शिकवावं लागलं होतं. नानांना कुणी शिकवलं नाही. त्यांना ते कापसावरून ठाऊक होतं.

संस्थेचा सगळा कारभार इंग्रजीत आणि कॉम्प्युटरवर. म्हणून दर रविवारी नाना वहीच्या पानाचा फोटो मला पाठवायचे आणि मी आकडे भरायची. नाव त्यांचं, हात माझा. एकदा संस्थेकडून त्यांच्या नावाने एक हजार निरीक्षणांचं प्रमाणपत्र आलं. रुक्माअक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोने, ते देव्हाऱ्याशेजारी लावलं. आलेल्या-गेलेल्याला विचारायच्या, "वाचता येते का? इंग्लिश हाये."

आता २०१९ चा नोव्हेंबर. कॉलेजात नॅकची समिती यायची होती आणि मी रात्रंदिवस फायली सजवत होते. रविवारी नानांचा फोटो आला. काक्षी: शून्य पूर्णांक आठ. पुढे आठच. मग नऊ. मी मनात म्हटलं, नाना चुकले. काक्षी रोहिणीएवढा मंद? माझ्याकडच्या पुस्तकातल्या आलेखात तसं नव्हतं. नाना एकसष्ट वर्षांचे, डोळ्यांचं काही तरी सुरू झालं असणार. असले आकडे पाठवले तर त्यांचं हसं होईल, असं मला वाटलं. मी सहा भरला. पुढच्या रविवारी नऊ आले तिथे पाच भरला. मोठ्या मायेने भरला, हे लिहिताना आज माझी मलाच किळस येते.

त्या संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर एक बटण असतं. ते दाबलं की जगभरातल्या लोकांनी त्याच ताऱ्याचे त्याच आठवड्यात काय आकडे दिले ते समोर येतात. निरीक्षण करणाऱ्याने ते आधी बघायचं नसतं, पण मी कुठे निरीक्षण करत होते? मी ते दाबू शकत होते. दाबलं नाही. मला उत्तर आधीच माहीत होतं ना.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी पहूरला आले. नाना वही घेऊन आमच्याच ओट्यावर आले आणि म्हणाले, "मयुरी, काक्षी रोहिणीच्या खाली गेला. आज मी एक पूर्णांक एक लिहला."

मी त्यांना समोर बसवलं आणि वर्गात समजावते तसं समजावलं. "नाना, वयाने डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. रंगांची गडबड होते. तुम्ही एकदा डोळे दाखवून घ्या."

नाना म्हणाले, "पन रोहिणीबी तांबडीच हाये नं? डोया बिघडला तं दोन्ही कमी दिसतीन. नमुनाबी मी त्याच डोयानं पाह्यतो."

भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर बाईला चौथी-पाचवी शिकलेल्या माणसाने दोन वाक्यांत चूक दाखवून दिली होती. तिथे मी थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "नाना, जगात दुसऱ्या कुणालाही असं दिसत नाहीये. मी बघितलंय."

बघितलं नव्हतं. हे एक वाक्य मी खोटं बोलले, आणि तेही फक्त वाद संपावा म्हणून. चहा गार होत होता आणि मला धुळ्याची गाडी गाठायची होती.

नानांनी वही मिटली. मग म्हणाले, "तू शिकेल पोरगी. तू पाह्यलं म्हनते तं असीन." मी त्यांना हेही सांगून टाकलं की मागचे आकडे मी सुधारून भरलेत, काळजी करू नका. त्यांनी मान हलवली. सुधारून, हाच शब्द मी वापरला होता.

नाना जळगावला जाऊन डॉक्टरला डोळे दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची नुकती सुरुवात आहे, चार-पाच वर्षं काही करायला नको, सगळी कामं करा. नानांनी त्यातला सुरुवात हा शब्द तेवढा घरी आणला. दुसऱ्या दिवशी ऐन हंगामात, गाड्यांची रांग लागलेली असताना, ते जिनिंगच्या शेठसमोर आवारात उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले की माझा डोळा चुकायला लागलाय, आता मी प्रत सांगणार नाही. शेठने समजूत घातली. शेतकऱ्यांनी घातली. नाना म्हणाले, एका ताऱ्यात मी अर्ध्या आकड्याने चुकलो, कापसात एका प्रतीने चुकलो तर कुणाच्या पोटावर पाय येईल. शेठने त्यांच्या जागी ओलावा मोजायचं मीटर आणि एक नवा माणूस आणला. नानांनी स्वतःच गेटचं काम मागून घेतलं. पावतीवरचे आकडे तर दिसतात, म्हणाले.

हे मला रुक्माअक्कांनी फोनवर सांगितलं. मी म्हटलं, बरं केलं, डोळ्यांना ताण नको. मनातून मला ते पटलं नव्हतं, पण खोटं बोलायला तोंड सवयीने उघडतं.

पुढच्या पंधरा दिवसांत बातमी आली. काक्षी मंदावतोय. सगळ्या जगात मंदावतोय. कुणी म्हणे आता त्याचा स्फोट होणार. फेब्रुवारीपर्यंत तो इतका खाली गेला की शाळकरी पोरालाही फरक कळावा. पुढे शास्त्रज्ञांनी सांगितलं की ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या धुळीमुळे तो झाकोळला होता. मंदावल्याची पहिली बातमी वाचली त्याच दिवशी मी ते बटण दाबलं होतं. नोव्हेंबरचे आकडे समोर आले. आठ, नऊ, नऊ, एक पूर्णांक शून्य. जपानातून, जर्मनीतून, कुठून कुठून. पहूरच्या गच्चीवरून आलेल्या आकड्यांसारखेच. त्या सगळ्या रांगेत वेगळे, चुकीचे, हसं होण्याजोगे आकडे एकाच माणसाच्या नावावर होते. ते मी भरले होते.

तेव्हाच एसटीत बसून पहूर गाठायचं. एवढंच करायचं होतं. मी काय केलं? धुळ्यात एका सभागृहात 'मंदावणारा काक्षी' यावर व्याख्यान दिलं आणि टाळ्या घेतल्या. मग लॉकडाऊन लागला, ते एक कारण मिळालं. मग म्हटलं, आता जुनं कशाला उकरायचं. मग माझ्या मुलीची शाळा. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात खरोखरचंच होतं. मृग उगवलेलं दिसलं की मी खिडकीचा पडदा ओढायची. नाना तर वर बघतच नव्हते. गेटवर कुणी त्यांना ती बातमी सांगायला गेलं तर म्हणाले, मले आता तारे नका सांगू. वही त्यांनी जुन्या उपरण्यात बांधून माळ्यावर टाकली होती.

गेल्या डिसेंबरात नानांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. संक्रांतीला मी घरी आले होते. संध्याकाळी गच्चीवरून हाक आली, "मयुरी, वर ये." पाच वर्षांनी आलेली हाक.

वर गेले. नाना हिरवी पट्टी कपाळावर सरकवून पूर्वेकडे बघत उभे होते. रुक्माअक्का तिळगुळाची वाटी घेऊन शेजारी. मृग चांगलं वर आलं होतं, आणि काक्षी नेहमीसारखा तांबडा, ठसठशीत. तो तर कधीच पूर्ववत झाला होता.

"पाह्य," नाना म्हणाले. त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. "रोहिणीच्या किती वर हाये! पाच, नाही तं चार. म्हंजे तव्हा माझाच डोया गेल व्हता. तू म्हनली तेच खरं निघालं. मी उगाच तुह्यासंगं वाद घातला, पोरी."

रुक्माअक्कांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

मला तो तोंडात घालता येईना. हा माणूस माझी क्षमा मागत होता. मी तिथेच सांगितलं. एका दमात नाही सांगता आलं. दोनदा रडले, एकदा डोळ्याच्या डॉक्टरवर ढकलायचा प्रयत्नसुद्धा केला, मग तो मागे घेतला. काक्षी खरंच मंद झाला होता. जगभर लोकांना दिसलं होतं. तुम्हाला त्यांच्याबरोबरच, पहिल्या काही लोकांत दिसलं होतं. मी बघितलं नव्हतं, आणि बघितलं म्हणून सांगितलं.

नाना खाली गेले, शिडी लावून माळ्यावरची वही काढली, वर आणली. बॅटरीवरचा लाल कागद विटून गुलाबी झाला होता. त्यांनी नोव्हेंबरचं पान उघडून माझ्यासमोर धरलं.

तेवीस ओळी. प्रत्येक आकड्यावर पट्टीने मारलेली एक बारीक रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. हा त्यांचाच नियम, खोडलेलंही दिसलं पाहिजे. आणि शेऱ्याच्या रकान्यात तेवीस वेळा, त्यांच्या शाळकरी अक्षरात: डोळा चुकला. डोळा चुकला. डोळा चुकला.

"मंग हे बठ्ठं बरोबर व्हतं?"

"हो नाना."

"तेवीसच्या तेवीस?"

"हो."

त्यांनी पानावरून बोट फिरवलं, एकेका ओळीवर थांबत. मग वही मिटली. मला वाटलं होतं ओरडतील, निदान हाकलून देतील. रुक्माअक्काच रडत होत्या. नाना म्हणाले, "उद्या जिनिंगवर चाल. मले सांगलं तेच तिथी सांग. डोया गेला हे मी तिथीच सांगेल व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी आवारात उभी होते. तीस-चाळीस माणसं. शेठने खुर्ची दिली, मॅडम चहा घ्या म्हणाले. मी सांगायला लागले, काक्षी, तांबडा तारा, आकडे. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागून नव्या हमालांपैकी कुणी तरी म्हणालं, "नाना ताऱ्यांची प्रत सांगायचे का?" आणि हशा पिकला. नाना हातात पावत्या घेऊन गेटपाशी उभे होते. ते हसले नाहीत.

मग मी ताऱ्यांचा नाद सोडला. म्हटलं, "असं समजा, मालाची प्रत उतरली होती. नानांनी ती बरोबर सांगितली. पावती लिहायला मी होते. मी पावतीवर चांगली प्रत लिहिली, आणि वर नानांनाच सांगितलं की तुम्हाला दिसत नाही. मी माल बघितलाच नव्हता. नानांचा डोळा कधी चुकलाच नव्हता."

आता मात्र कुणी हसलं नाही. खोटी पावती काय असते हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला खाली बघावं लागलं. शेठ म्हणाले, "पाच हंगाम, मॅडम?" मी हो म्हटलं.

वनाची पिकअप रांगेत तिसरी होती. तो पुढे झाला, आपल्या गाडीतून मूठभर कापूस उपसून नानांसमोर धरला. "नाना, हात लाई देखा. पहिली येचनीना शे बठ्ठा." सगळा पहिल्या वेचणीचा, असं तो त्याच्या अहिराणीत सांगत होता.

नानांनी पावत्या काखेत धरल्या आणि कापूस घेतला. सगळं आवार त्यांच्या बोटांकडे बघत होतं. त्यांनी धागा ओढला. तुटला. पुन्हा ओढला. कापूस डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. सव्वीस वर्षं जो माणूस पहिल्या नजरेत प्रत सांगायचा, तो त्या मुठीकडे बघतच राहिला. मग त्यांनी कापूस वनाच्या हातात परत ठेवला.

"आता नाही सांगता येत, वना. मीटरवर दाखव."

मागच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला. नाना गेट उघडायला गेले.

त्या रात्री मी नानांच्या नावावरचे तेवीस आकडे संस्थेच्या पानावर बदलले आणि खाली कारण लिहिलं, माझ्या नावानिशी. पानावर तेवढं मला करता आलं. वहीत शेरा नानांनीच लिहिला. मला पेन दिलं नाही.

नाना आता पुन्हा गच्चीवर जातात. यावलला दिलेली त्यांची मुलगी सपना आकडे भरते. ते काम ती फोनवर माझ्याकडून शिकली. मी पहूरला असले की नाना मलाही वर बोलावतात. त्यांनी नवा लाल कागद आणलाय, आणि बॅटरी धरायचं काम मला दिलंय. ते काक्षीकडे एक नजर टाकतात, रोहिणीकडे एक, प्रश्वाकडे एक. मग वहीवर डावा हात आडवा धरतात, परीक्षेत पोरं शेजारच्यापासून पेपर झाकतात तसा, आणि त्याच्या आड आकडा लिहितात. मी विचारत नाही. बॅटरी हलणार नाही एवढं बघते.